रात्रीचा निळा

नोव्हेंबरच्या तेविसाव्या तारखेला सूर्य गेला
आणि त्याच संध्याकाळी मी व्हाल्देरनच्या राज्यात हात घातला.
संध्याकाळी म्हणजे दुपारी दोनला.
वार्दोत तेव्हा या दोन शब्दांत फरक नसतो.

ओडवार बर्गनला गेला, कॉम्प्युटर मागे ठेवून.
आत त्याची एक शूर बाई, चौदाव्या लेव्हलची,
खानावळीच्या दारात तीन वर्षं ताटकळलेली.
मागची भिंत पुठ्ठ्याची वाटत होती.
म्हटलं, निदान भिंत तरी बरी करू.

भिंतीला दगड आले, तर दगडांपुढे दार फिकं.
दार बदललं, तर बिजागरी खोटी.
मग चेहऱ्यांचा मॉड:
नाकावरचं रंध्र न् रंध्र मोजता येईल असा.
लावला, दचकले, काढला.
एवढ्या जवळून मी नवऱ्यालाही पाहिलं नव्हतं.

कोण आधी, कोण नंतर,
हे मानपान चुकलं की राज्य कोसळतं,
पडदा काळा, कारण नाही, निरोप नाही.
शेवटी बोलेल त्याचंच खरं.
पाण्यावर धुकं चढवलं तर धुकं जिंकतं,
धुक्यावर पाणी चढवलं तर डोंगर आतून ओले.
बहिणीला फोनवर समजावलं.
रागनफ्रिद म्हणाली, आईकडे असंच तर चालायचं.

झाड म्हणावं असं या बेटावर काही नाही,
म्हणून गवत मात्र हावरटासारखं घेतलं.
गुडघाभर, दाट, वाऱ्यावर झुकणारं.
पंखा किंचाळू लागला, सेकंदाला अकरा फ्रेम,
शूर बाई संधिवात झाल्यासारखी चालू लागली
आणि खानावळीच्या फरशीतून गवत वर आलं,
टेबलांतून,
कोपऱ्यात बसलेल्या म्हाताऱ्याच्या मांडीतून.
कमी करत करत आणलं.
मांडीतलं एक पातं काही केल्या जाईना.
राहू दे, म्हटलं.

पण रात्र.
नऊ जणांच्या नऊ रात्री उतरवून पाहिल्या.
एकाची जांभळी, चांदण्यांचा बाजार मांडलेली.
एकाची इतकी काळी, की मशाल धरलेला हात दिसेना,
आणि नाव काय, तर खरीखुरी रात्र.
हसूच आलं. बाबा रे, राहतोस कुठे तू?
सलग दोन महिने पाहिली आहेस,
मासे तोलताना, टायर बदलताना, दात घासताना?

रात्र काळी नसते.
अकराच्या सुमाराला दक्षिणेकडे
जीनच्या आतल्या बाजूचा, धुऊन विटलेला निळा उगवतो.
बर्फ तो उचलून धरतो,
आणि आभाळापेक्षा जमिनीवर जास्त उजेड असतो.

फाइल उघडली. तांबडा, हिरवा, निळा.
दशांशचिन्हानंतरचा तिसरा आकडा बदलायचा,
लोड व्हायची वाट पाहायची,
मग कोट चढवून धक्क्यापर्यंत जायचं,
बघायचं, परत यायचं, आकडा पुन्हा बदलायचा.
धक्क्यावर तोर्मुद विचारायचा, काय हरवलंय?
निळा, म्हणायचे मी.
त्याला वाटलं, दोर.
एके दिवशी शोधून आणूनही दिला, नीट वेटोळं करून.

जानेवारीत जमलं. शून्य पॉइंट पाच दोन सात.
तेव्हा बाईला दारातून हलवलं,
तीन वर्षांत पहिल्यांदा. टेकडीवर नेलं.
तलवार काढली नाही, कोणाला मारलं नाही.
तिच्या सावलीची कड अजून करवतीसारखी होती.
ओडवारला फोटो पाठवला.
रात्री उशिरा उत्तर आलं:
आई, हे आपल्या घरामागचं का?

किल्ल्यावर तोफ उडाली तेव्हा मी सावल्यांच्या फाइलमध्ये होते.
शाळा सुटल्या, पोरं रस्त्यावर ओरडत सुटली.
खिडकीतून एक तिरपी पट्टी आत आली,
सरळ मॉनिटरवर,
आणि माझी सगळी रात्र पुसली गेली.
दिसत होती नुसती धूळ, बोटांचे ठसे,
कधीतरी उडालेला कॉफीचा थेंब.

फडकं आणायला उठले.